एका माणसाचं आवतन

चिखलीत मी इतकी वर्षं काढली, पण ठरवून असं कुणाला कधी भेटलो नाही. गावच तेवढं होतं. घरातून निघालं की गल्ली, गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी, गिरणीवरून वळलं की बाजाराचा रस्ता, आणि तिथून पुढे अडत्यांच्या दुकानांची रांग. ज्याला भेटायचं तो वाटेत भेटायचाच. ज्याला टाळायचं तोही भेटायचा, आणि जास्त भेटायचा.

माझा धंदा बारदान्याचा. फाटकी, उसवलेली पोती खेड्यापाड्यांतून गोळा करायची, दाभण आणि सुतळीनं शिवायची, झटकायची आणि घड्या घालून अडत्यांना विकायची. देणारा म्हणतो पोतं कोरं आहे, घेणारा म्हणतो पोत्याची चाळणी झालीय, आणि या दोघांच्या मधे मी. दिवसभर आवाज चढवल्याशिवाय या धंद्यात भाकर मिळत नाही. लोक मला भांडखोर म्हणत. म्हणोत. पण मी पडतं घेतलं असतं तर त्याच लोकांनी मला पोत्यासकट विकलं असतं.

त्यात मी परका. वरवट बकालचा, म्हणजे घाटाखालचा. आमच्या जिल्ह्याचे हे दोन भाग, घाटाखालचे आणि घाटावरचे, आणि चिखली पडली घाटावर. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. पारावरचे म्हातारे अजून राजधानी म्हटलं की नागपूरच समजत. मुंबई त्यांना जेवढी लांबची वाटायची तेवढाच मी. आम्ही 'का' म्हणायचं तिथं 'काऊन' म्हणतो, हे 'कामून' म्हणत. मी 'काऊन' म्हटलं की दुकानदार मान वर करून बघायचा आणि मग भाव सांगायचा. ते बघणं आणि भाव सांगणं यांच्या मधला जो क्षण असे, त्याचा मला फार राग येई.

आईवडील लवकर गेले होते. भावांनी वाटणीत मला काय दिलं ते मी विसरलेलो नाही, पण तो राग वेगळा. लग्न झालं नाही, कारण जमवणारं कुणी नव्हतं. एक खोली, तिच्यापुढे पोत्यांची थप्पी मावेल एवढी पडवी. जेवायला बाजारात एका बाईची खानावळ. तिथं मी रोज कोपऱ्यातल्या पाटावर बसायचो आणि रोज भाजीत तेल कमी आहे म्हणून भांडायचो. भांडण झालं नाही त्या दिवशी घरी येईपर्यंत कुणाशी एक शब्द झालेला नसायचा.

चिखलीत माझा एकच दोस्त झाला, आणि त्याची माझी ओळख मुळ्यांवरून झाली. तो आमच्याच गल्लीत, माझ्या खोलीपासून पाच-सात घरं पुढे राहायचा. गावाबाहेर त्याचा भाजीचा मळा होता. पहाटे भाजी तोडून तो बाजारात बसायचा आणि ऊन चढायच्या आत रिकामी टोपली डोक्यावर उपडी घालून परतायचा. त्या दिवशी टोपलीत दोनच मुळे उरले होते. खानावळीतल्या भाकरीशी खायला होतील म्हणून मी ते मागितले. त्यानं भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. त्यानं सांगितलं, उन्हानं सुकले असले तरी मुळेच आहेत, काड्या नाहीत. मी म्हणालो, काड्याच आहेत. गिरणीपाशी उभं राहून आम्ही इतका वेळ घासाघीस केली की दळण घेऊन आलेल्या बायका पीठ घेऊन परत गेल्या.

शेवटी त्यानं मुळे माझ्या हातात कोंबले.

"घेऊन जा बे फुकट. पण माझं डोकं सोड."

"फुकट काऊन?" मी भडकलो. "मी भिकारी दिसून राह्यलो का तुले?"

"काऊन!" तो हसला. "घाटाखालचा हायेस व्हय? मग बरोबर. तिकडं मुळ्याचाबी लिलाव करता तुम्ही."

मी पैसे त्याच्या टोपलीत टाकले आणि निघून आलो. त्यानं मागून ओरडून सांगितलं, "उद्या वांगी आणतो बे! रिकामा वेळ काढून ये!"

'बे' हा शब्द पुण्यामुंबईच्या माणसाला शिवीसारखा लागतो. आमच्याकडे तो ज्याला-त्याला लावत नाहीत. ज्याच्या पाठीवर थाप मारता येते त्यालाच लावतात. चिखलीत आल्यापासून मला तोवर कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. 'ओ बारदानवाले' म्हणत, 'वरवटकर' म्हणत, आणि मागून काय म्हणत ते मला माहीत होतं.

पुढे काही वर्षं आम्ही रोज भेटलो, आणि एकदाही ठरवून नाही. तो मळ्याकडून यायचा, मी अडत्यांकडे जायचो, आणि गिरणीच्या वळणावर गाठ पडायची. पडली नाही तर मी धोतराचा सोगा नीट करत जरा रेंगाळायचो, हे खरं. कधी त्याच्याबरोबर मळ्यापर्यंत चालत जायचो, कधी तो माझी पोती उचलू लागायचा. संध्याकाळी त्याच्या घराच्या ओट्यावर बसायचो. आत कधी गेलो नाही, कारण आत बायका, पोरं. पण त्याची बायको दाराआडून विचारायची, "भाऊजी, तिकडं तुमच्याकडं ठेचा असाच करता का?" आणि वाटीत ठेचा बाहेर यायचा. मी म्हणायचो मीठ कमी हाय. ती आतून म्हणायची, तुमच्या बोलण्यातच लय हाय, ते लावून खा.

माझ्या लग्नावरून तो मला छळायचा. "तुझं कसं जमंल बे? पोरीचा बाप म्हणंल एवढा हुंडा, तू म्हणशील पोरगी जुनी हाय, उसवलीय, कमी कर."

"तुह्या सासऱ्यानं तुले फुकटात काऊन खपवलं मंग?"

"मी ताजा माल होतो."

आतून बायको हसायची.

त्याच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी माझा धंदा आठवडाभर बाजूला ठेवला. त्याला भाव करता येत नव्हता. भाजी विकणारा माणूस, पण दुसऱ्यानं तोंड वाकडं केलं की स्वतःच कमी करायचा. म्हणून भांडी घ्यायला मी गेलो, लुगडी घ्यायला मी गेलो, गुळाच्या ढेपी मी बोटानं टोचून पाहिल्या. भांड्यांच्या दुकानदाराला मी असा घेरला की शेवटी त्यानं आम्हाला चहा पाजला आणि हात जोडून म्हणाला, "घेऊन जा, पण पुढच्या लेकीला दुसरीकडं जा." परतताना माझा दोस्त डोक्यावर हंडा घेऊन सगळ्या बाजारभर सांगत होता, "हा नसता तर माझं घर इकलं गेलं असतं." पंगतीला बसायला पट्ट्या लागणार होत्या. माझ्याकडची चांगली पोती निवडून, उसवून, मी लांबच लांब पट्ट्या शिवल्या. दाभणानं बोटं सोलली होती. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, आणि त्यानं विचारलेही नाहीत. मला ते आवडलं होतं. आपसात विचारत नसतात.

आता आवतनाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथंच झालं. आमच्या गल्लीत जेवणाचं आवतन सांगायला एक म्हातारा ठरलेला होता. घरोघरी जाऊन तो दारातून आरोळी द्यायचा. लांबच्या घराला 'घरटी एक' म्हणायचा, म्हणजे घरातल्या एकानं यायचं. जवळच्या घराला 'चूलबंद' म्हणायचा. चूलबंद म्हणजे लहानमोठ्या सगळ्यांनी यायचं, त्या वेळी घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर तो बोलावणाऱ्याचा अपमान. कोणाला काय सांगायचं ते घरधनी म्हाताऱ्याला आधी सांगून ठेवायचा. गल्लीतलं माणूस आपल्याला कुठं धरतं ते त्या एका शब्दावरून कळायचं, आणि आरोळी इतकी मोठी असायची की शेजाऱ्यालाही कळायचं.

हळदीच्या जेवणाचं आवतन सुरू झालं तेव्हा मी पडवीत पोतं शिवत बसलो होतो. म्हातारा गल्लीच्या वरच्या टोकाकडून येत होता. शिंप्याच्या दारात, "चूलबंद हो!" गिरणीवाल्याच्या दारात, "चूलबंद!" माझ्या शेजारी एक मास्तर भाड्यानं राहायला आले होते, येऊन दोन महिने झाले नसतील. त्यांच्या दारात, "मास्तर, संध्याकाळी चूलबंद बरं का!" मी दाभण खाली ठेवलं आणि टोपी नीट केली.

म्हातारा माझ्यापुढे थांबला. आत डोकावला. मग म्हणाला, "संध्याकाळी जेवायला. एक माणूस."

आणि पुढे गेला.

मी त्याला हाक मारून परत बोलावलं. "काय म्हणाले तुम्ही?"

"एक माणूस."

"त्यानं सांगितलं का तुमच्या मनानं?"

"यात सांगायचं काय?" म्हातारा म्हणाला. "तुम्ही एकच तर हाये."

मास्तरांची बायको दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान खाली घातली, म्हणजे तिनं ऐकलं होतं.

लोक मला पुढे म्हणाले की शब्दानं काय फरक पडत होता? चूलबंद म्हटलं असतं तरी गेलो असतो मी एकटाच, आणि एक म्हटलं तरी मीच. हे मला कुणी समजावून सांगायला नको. आयुष्यभर मी मोजूनच घेतलं आणि मोजूनच दिलं. पण मोजायची गोष्ट वेगळी आणि म्हणायची वेगळी. मास्तरांच्या घरात माणसं चार होती म्हणून ते घर झालं, आणि माझ्या घरात एक होता म्हणून ते घर नाही? हा हिशोब मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

मी उठलो आणि कुंभारवाड्यात गेलो. एक चूल विकत घेतली. भाव केला नाही. कुंभारानं सांगितला तो दिला, तर तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला. चूल पुरती वाळली नव्हती. डोक्यावर ठेवून भरबाजारातून आणली, पडवीत मांडली. जळणाला पऱ्हाट्या आणल्या, तांदूळ आणि तुरीची डाळ आणली, आणि दिवस कलला तशी चूल पेटवली.

त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत धूर नव्हता. एरवी या वेळेला घराघरातून धूर निघून गल्लीवर एक पांढरट थर बसायचा, भाकरी थापल्याचे आवाज यायचे. त्या दिवशी सगळी दारं ओढून घेतलेली, माणसं मांडवाकडं गेलेली. बायका पोरांचे हात धरून, नवी लुगडी सावरत माझ्या पडवीपुढून जात होत्या. ओल्या चुलीचा धूर काळा आणि भरपूर. तो नेमका मांडवाकडं वाहत होता. मी फुंकर घालत बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं.

पहिली पंगत बसल्यावर तो आला. हाताला, गालाला हळद, नवा पटका मागे सरकलेला. त्याच्यामागे त्याचा एक मेहुणा आणि आणखी कुणी पाहुणा.

"काय जाळून राह्यला बे?"

"चूल."

"तुझ्या घरी चूल कधी आली?"

"आज."

"अन् आजच पेटवली? माझ्या घरी लग्न असताना?"

"मले कुठं चूलबंद सांगितलं? एका माणसाले सांगितलं. मी काही एक माणूस नाही. घर हाय मी."

त्याला हसू फुटलं. खोखो हसला. "अरे, तुला चूलच नव्हती! म्हातारा बंद काय करायला सांगणार? खानावळ?"

मागचे दोघेही हसले. तो एकटा हसला असता तर कदाचित मीही हसलो असतो. रोज हसतच होतो की.

"हसून घ्या," मी म्हणालो. "मास्तर परवा आले ते चूलबंद. मी तुह्या लेकीच्या पंगतीच्या पट्ट्या शिवल्या, तो एक माणूस."

"शब्दाचं काय धरून बसला बे? ऊठ. ताट वाढून ठेवलंय तुझं. बायको दोनदा इचारून गेली."

"कितीजणाचं ताट?"

त्याचं हसू गेलं. "भाव करून राह्यला का माझ्याशी? पोरीच्या हळदीच्या दिवशी?"

"हाव," मी म्हणालो.

मी हो म्हणालो, कारण ते तसंच होतं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की बरं बाबा, चूलबंद. मी विस्तवावर पाणी ओतून त्याच्यामागून गेलो असतो. घासाघीस करणाऱ्या माणसाला शेवटी एवढंच हवं असतं, समोरच्यानं एक पाऊल इकडं यावं.

आणि तो आलाही. त्यानं दोन्ही हात जोडले, कमरेत वाकला, आणि मागच्या दोघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूलबंद या बरं का. तुम्ही समदे या. तुमच्या घरचे लहानमोठे समदे घेऊन या."

मेहुण्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ते तिघे परत गेले. माझी खिचडी खाली लागली होती. मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायलाही गेलो नाही. लेक सासरी निघाली तेव्हा बैलगाडी माझ्या दारावरून गेली, मी आत होतो.

लग्न आटोपलं, गल्लीत पुन्हा धूर दिसू लागला, आणि काही दिवसांनी गिरणीपाशी तो समोर आला. टोपली डोक्यावर उपडी. मी थांबलो. तोही थांबला.

"कसं काय, बरं हाये ना तुमचं?" तो म्हणाला.

मला वाटलं अजून चेष्टाच चाललीय. उद्यापर्यंत ओसरेल. दुसऱ्या दिवशीही तो म्हणाला, "निघाले का कामाला?" पुढे टोपलीत वांगी होती म्हणून मी मुद्दाम भाव विचारला, निम्मा सांगितला. त्यानं घासाघीस न करता वांगी मला दिली. "घ्या. तुमच्याशी काय भाव करायचा?"

मी ती वांगी घरी आणली आणि दोन दिवस तशीच पडू दिली.

भांडण झालं असतं तर मला सोसलं असतं. भांडलेल्या माणसाकडं पाठ फिरवता येते, वाट बदलता येते. त्यानं मला भांडूही दिलं नाही. दिसला की नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा आणि वळायचा. मी पलीकडच्या बोळानं जाऊ लागलो तर बोळाच्या टोकाला तोच, मळ्याला पाणी देऊन परतताना. गल्ली तीच, गिरणी तीच, रोजची गाठही तीच. कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय दोस्ती आहे दोघांची. ओट्यावरून जाताना दाराआडून बांगड्यांचा आवाज यायचा, पण ठेचा काही बाहेर आला नाही. मी खानावळ सोडली. चूल आता घेतलीच होती तर वापरली. मला बरा स्वयंपाक येऊ लागला, फक्त मीठ कमी की जास्त ते सांगायला कुणी नव्हतं.

धंदा वाढला. पडवीच्या जागी पत्र्याचं गोदाम झालं. अडते मला शेठ म्हणू लागले, त्यात पिंपळगाव राजापर्यंतचे दोनचार व्यापारी धरा. माझ्या 'काऊन'ला आता कुणी हसत नव्हतं. एक दिवस तोही गिरणीपाशी मला शेठ म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की त्यात राग नव्हता, चेष्टा नव्हती, काहीच नव्हतं.

मग त्याच्या मुलाचं लग्न निघालं. आवतन सांगणारा म्हातारा तोवर वारला होता. तो स्वतःच दारोदारी फिरत होता. माझ्या गोदामापुढे आला तेव्हा हमाल पोती रचत होते. त्यानं पायातल्या वहाणा बाहेर काढल्या. माझ्या गोदामात कुणी वहाणा काढत नाही.

"शेठ, उद्या संध्याकाळी चूलबंद," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, गल्लीत गेला असेल आवाज. "तुम्ही नक्की या."

मी गादीवरून उठलो.  मी म्हणालो, "काऊन बे, सामान घ्यायले मले नाही नेलं या बारीले? भांडेवाल्यानं लुटलं असंल तुले."

'बे' मी जरा मोठ्यानंच म्हणालो. हमालांनी वळून पाहिलं.

तो हसला, पाहुण्याकडं बघून हसतात तसं. "तुम्हाला कशाला त्रास? पोरगा गेला होता खामगावला. त्यानंच आणलं समदं." मग वहाणा पायात सरकवल्या. "येतो मी. लय घरं बाकी हायेत."

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली नाही. दुपारीच राख काढून ती सारवून ठेवली. धुतलेलं धोतर नेसलो आणि सगळ्यांबरोबर गल्लीतून चालत मांडवात गेलो. बसायला भाड्याच्या सतरंज्या होत्या. तो मला हात धरून पहिल्या पंगतीत घेऊन गेला, मानाच्या जागेवर बसवलं, वाढप्याला म्हणाला, "शेठकडं लक्ष ठेव." मग पंगतीपुढून हात जोडून फिरला. माझ्यापुढे आल्यावर मलाही म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

माझ्या शेजारी मुलीकडचा एक म्हातारा पाहुणा बसला होता, सिंदखेडकडचा. वरणात भात कालवता कालवता त्यानं बोलायला काढलं.

"तुम्ही याच गल्लीतले का?"

"हाव."

"चूलबंद असंल मग. घरून कोण कोण आलंय?"

"समदे आलो," मी म्हणालो.

त्यानं मान वर करून बायकांच्या पंगतीकडं पाहिलं, पोरांच्या गर्दीकडं पाहिलं, आणि त्यातले माझे कोणते असावेत याचा अंदाज घेत राहिला. तेवढ्यात बुंदी वाढणारा आला, आणि आम्ही दोघांनी पत्रावळी पुढे केल्या.